हिला मथुरेला जायचंय का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ राहावा म्हणून थोडक्यात सांगते. डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमध्ये एका दिवसात घडणारी एकांकिका आहे. अभयची नोकरी गेलीय आणि तो ते घरात लपवतोय. भोवती चार बायका: देवघरापाशी बसलेली सोशिक आई, पगारावरून करवादणारी बायको मुग्धा, इकडचं तिकडे करणारी मोलकरीण शांताबाई आणि ऑफिसातली बिनधास्त मैत्रीण रिया. प्राथमिक फेरीत परीक्षक म्हणाले, "बायका सगळ्या टाइप आहेत." म्हणून तुम्ही आईच्या हातात सिगारेट दिली, मुग्धाला कराटे शिकवलं, आणि आता तुमचाच ग्रुप म्हणतोय की हे आधीपेक्षा खोटं वाटतं. तुमचा प्रश्न, टाइप, म्हणजे ठरीव साच्यातलं पात्र, मोडायचा कसा?

मी चोवीस वर्षं मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते आहे, त्याआधी एकांकिका लिहायचे. खाष्ट सासवा, सोशिक सुना, आगलाव्या जावा किती लिहिल्या ते मोजायचं धाडस नाही. तेव्हा पुढचं सगळं आरोपीची जबानी समजून वाचा.

आधी एक सांगते, टाइप मोडायच्या मागे लागू नका. परीक्षकांनी दुखणं बरोबर ओळखलं, नाव चुकीचं दिलं. टाइप असणं हा दोष असता तर आपला निम्मा तमाशा आणि सगळं दशावतारी नाटक कचऱ्यात टाकावं लागलं असतं. तुमची संहिता वाचताना मी एक साधी गोष्ट केली. चौघींची वाक्यं वेगळ्या कागदावर काढली आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कशाबद्दल आहे ते लिहिलं. आईची एकोणीस वाक्यं, त्यातली सतरा अभयबद्दल. मुग्धाची सगळी अभयबद्दल किंवा अभयच्या पगाराबद्दल. शांताबाई दोनदा येते आणि दोन्ही वेळा अभयची बातमी देऊन जाते. रिया अभयला धीर देते. आईने हे सतरा संवाद जपमाळ ओढत म्हटले काय आणि सिगारेट ओढत म्हटले काय, फरक काय पडणार? ओढायची वस्तू तेवढी बदलली.

आता गवळणीकडे या. तमाशात गणानंतर गवळण येते हे तुम्हाला माहीत असेल. गौळणी दूध-दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, बरोबर मावशी आहे, वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात आणि दाण, म्हणजे वाटेचा कर, मागतात. ही मावशी बहुतेक ठिकाणी पुरुषच करतो. लुगडं, डोक्यावर पदर, कमरेवर हात, तोंडाने फटकळ. याहून पक्का टाइप मराठीत दुसरा नसेल. गावोगावी, पिढ्यान्‌पिढ्या तीच मावशी. तरी ती आली की मंडप जागा होतो. का? मला याचं उत्तर लागायला दहा वर्षं गेली. तिला मथुरेला जायचंय. दूध नासायच्या आत बाजार गाठायचाय. पोरींना सांभाळून न्यायचंय. कृष्ण देव असेल त्याच्या घरी, या घडीला तो तिच्या वाटेत उभा आहे. म्हणून ती त्याच्याशी बोलते, हुज्जत घालते, त्याची टर उडवते. तिचं प्रत्येक वाक्य कृष्णाला उद्देशून असलं तरी ती कृष्णासाठी आलेली नाही.

तेव्हापासून कुठलीही बाई लिहिताना मी समासात लिहून ठेवते: हिला मथुरेला जायचंय का? आणि वाट कोण अडवतंय?

तुमच्या चौघींना कुठेही जायचं नाहीये. त्या अभयच्या वाटेवर लावलेल्या पाट्या आहेत. एक पाटी 'माया', दुसरी 'कटकट', तिसरी 'लोक काय म्हणतील', चौथी 'मोकळी हवा'. परीक्षकांना टोचलं ते हे.

हे सगळीकडे सारखंच लागू पडतं असं मात्र नाही. किती वेळ हातात आहे, प्रेक्षक कोण आहे आणि त्या बाईला किती काम दिलंय यावर बरंच अवलंबून असतं. दीड मिनिटासाठी येणाऱ्या बाईला टाइपच राहू द्या, नाहीतर प्रेक्षक तिच्या मागे विंगेत निघून जाईल. पोस्टमनचा भूतकाळ कोणी विचारत नाही, तसंच शेजारणीचा. कादंबरीत तुम्ही एका आत्याला चाळीस पानं देऊ शकता, पाऊण तासाच्या एकांकिकेत चार मिनिटंसुद्धा जड होतात. विनोदी नाटकात टाइप हेच भांडवल असतं. तुमची एकांकिका गंभीर आहे, घर एकच आहे, आणि आई-बायको जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर आहेत. म्हणून इथे टाइप अंगावर येतो.

सासूचं उदाहरण घेते, कारण त्यात माझी निम्मी नोकरी खर्ची पडली. खाष्ट सासू काही दूरचित्रवाणीने जन्माला घातली नाही. सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडात भवानीआईला रोडगा कबूल करणारी सून आहे. ती सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर सगळ्यांची यादी वाचते आणि एकेकाचा निकाल लावायला सांगते. अध्यात्माचा अर्थ बाजूला ठेवला तरी शेवटी तिचं मागणं काय आहे पाहा: सगळे जाऊ देत, मला एकटीला राहू दे. मथुरा स्पष्ट आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या सुनेला स्वतःपुरती जागा हवी होती आणि ती तिने देवीकडे तोंड उघडून मागितली. आमच्या मालिकांतल्या सुनांना हे मागायला आम्ही अजून तोंड दिलेलं नाही.

आणि सासू? ती खाष्ट का होती याचं उत्तर स्वभावात शोधू नका, सातबाऱ्यात शोधा. 1937 च्या कायद्याआधी एकत्र कुटुंबातली बाई विधवा झाली की मुलगे असताना तिच्या वाट्याला अन्नवस्त्र आणि पडवीतली जागा, एवढंच साधारण यायचं. 1937 मध्ये हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरता. विकायचा-द्यायचा हक्क नाही. पूर्ण मालकी आली 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना, आणि देशभर तो आला 2005 मध्ये. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बाईची म्हातारपणची एकमेव ठेव म्हणजे मुलगा. त्या ठेवीवर सही करायला दुसरी कोणी घरात आली की पहिली हसत तिच्या हाती किल्ल्या देईल का? सासूचा खाष्टपणा हा तिचा मालमत्ता-कायदा होता. तो क्रूर असेल, पण बिनबुडाचा नव्हता.

गंमत अशी की हे सगळं बदललं, तरी आमच्या सासवांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा तसाच राहिला. आज डोंबिवलीत कुठल्या सासूकडे किल्ल्या असतात? सुनेकडे लॅच-कीची स्वतःची प्रत असते. आजच्या सासूची सत्ता वेगळ्या जागी आहे. नातवाला शाळेच्या बसवरून कोण आणतं. फ्लॅटच्या डाउन पेमेंटमध्ये गावची कोणती जमीन गेली. कामवाली कोणाला आधी हाक मारते. बाहेरून पोळ्या मागवायच्या की नाही हे कोण ठरवतं. मी एकदा दीडेकशे भागांच्या मालिकेत सासूला किल्ल्यांऐवजी नातवाच्या डब्याचा ताबा दिला होता. सून रोज सकाळी डबा भरायची आणि सासू रोज शेवटच्या क्षणी त्यात एक वस्तू घालायची. ओरडाआरडा नाही, कारस्थान नाही. तीन आठवडे चाललं, मग गुरुवारी आलेले प्रेक्षकसंख्येचे आकडे पाहून वाहिनीकडून निरोप आला, सासू 'स्ट्राँग' करा. पुढच्या सोमवारी माझ्याच हाताने तिला पायसात काहीतरी कालवायला लावलं. असो.

टाइप कुठून येतात हे कळायला लेखकाची खोली सोडून कारखान्यात जावं लागतं. आठवड्याला सहा भाग, भागाला बावीसेक मिनिटं. अनेकदा सकाळी सीन लिहून जातो आणि दुपारी तो चित्रित होतो. अशा वेळी नवी बाई घडवायला सवड नसते, फळीवर असलेली उतरवून घ्यावी लागते. नटी आजारी पडली, तिने दुसरं काम घेतलं, की तिच्या वाट्याचं कारस्थान उचलून दुसरीच्या पदरात टाकायचं. मी एका भल्या वहिनीला एका रात्रीत खलनायिका केलंय, कारण जी खलनायिका होती तिच्या तारखा संपल्या होत्या. प्रेक्षकांची पत्रं आली की वहिनीच्या मनातलं आम्हाला आधीच कळलं होतं. त्यांना कळलं असेल. मला नव्हतं कळलं.

कधी टाइप अपघातानेही ठरतो, अगदी शब्दशः. ललिता पवार नायिकेच्या भूमिका करत होत्या. 1942 मध्ये चित्रीकरणात खाल्लेल्या एका थपडेने चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याला कायमचं वैगुण्य आलं, काही वर्षं उपचारांत गेली. परतल्या तेव्हा नायिकेची दारं बंद होती आणि तो बारीक झालेला डोळा कॅमेऱ्याला कपटी दिसत होता. मग पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची कजाग सासू आणि 1987 च्या 'रामायण' मालिकेतली मंथरा. पण त्याच डोळ्याने, त्याच बाईने 1959 च्या 'अनाडी'त मिसेस डिसा केली. वरून फटकळ, आतून मायाळू घरमालकीण. ललिताबाईंना त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं. मिसेस डिसा हाही टाइपच बरं का, मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण. तिला मात्र भाडं वसूल करायचं होतं आणि त्या भाडेकरूवर तिचा जीवही होता, म्हणजे दोन बाजार एकाच वाटेवर. डोळा तोच राहिला आणि माणूस दुसरं दिसलं.

या ख्रिस्ती बाईवरून आठवलं. हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं फ्रॉक घातलेली, रोझी-लिली नावाची, क्लबात नाचणारी बाई गोव्याच्या आणि वांद्र्याच्या कॅथलिक बायकांच्या माथी मारली. नायिका साडीत पवित्र राहावी म्हणून फ्रॉकवालीने दारू प्यायची. तुमची रिया त्याच बाईची नात आहे. फ्रॉक जाऊन जीन्स आली, रोझी जाऊन रिया आली, काम तेच: नायकाला एक मोकळा श्वास देणं आणि निघून जाणं. तिचं काय करायचं ते शेवटी सांगते.

आता उलटापालट करायच्या उपायाबद्दल, कारण सिगारेटचा मोह मलाही झालेला आहे. सोशिक बाई उलटी केली की बंडखोर बाई मिळते आणि बंडखोर बाई आजकाल सोशिकेइतकीच घाऊक मिळते. नवऱ्याला कानफटात मारणारी, बुलेट चालवणारी, पोलीस असलेली, शिट्टी वाजवणारी. पुतळ्याचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेला फिरवलं तर तो चालायला लागत नाही. तुम्ही विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' वाचलं असेलच, 1972 चं. नवऱ्याचं घर सुटलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा सखाराम, आणि त्याच्याकडे लक्ष्मी आणि चंपा आहेत. कागदावर त्यांची ओळख लिहिली तर हसू येईल: एक देवभोळी पतिव्रता छापाची, दुसरी दारू पिणारी, नवरा सोडून आलेली. सती आणि कुलटा. आपल्या रंगभूमीवरच्या सगळ्यात झिजलेल्या दोन बाहुल्या तेंडुलकरांनी मुद्दाम उचलल्या आणि एका घरात ठेवल्या. त्यांनी लक्ष्मीला सिगारेट दिली नाही आणि चंपाला तुळशीला पाणी घालायलाही लावलं नाही. दोघी शेवटपर्यंत जिथल्या तिथे आहेत. पण लक्ष्मीला त्या घरात राहायचंय, काहीही करून राहायचंय, दुसरीकडे जायला जागाच नाही. त्या गरजेच्या पोटी चंपाचं गुपित सखारामला तीच सांगते, आणि चंपाचा खून झाल्यावर सखाराम थिजून उभा असतो तेव्हा प्रेत पुरायची भाषा तीच करते, शांतपणे. तिचं सोज्वळपण त्यानंतरही उतरत नाही. सोज्वळपणातूनच ते निघालंय म्हणून थरकाप होतो.

त्याच नाटकात आणखी एक जागा आहे जी मी माझ्याकडे लिहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावते. सखाराम समोर नसताना लक्ष्मी एका मुंगळ्याशी बोलते, त्याला खाऊ घालते, हसते. सखारामच्या धाकात दबून राहणारी ही बाई एकटी असताना हसते, गुदगुल्या झाल्यासारखी. प्रसंग जेमतेम काही ओळींचा आहे. पण त्या ओळींनंतर ती 'सोशिक' या शब्दात मावत नाही, कारण पुरुष खोलीबाहेर गेल्यावर तिचं जग चालू राहतं हे आपण पाहिलेलं असतं.

कुणी विचारेल, ते बेक्डेल चाचणीचं काय? 1985 मध्ये अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकी चित्रकर्तीच्या एका चित्रपट्टीत ती आली: कथेत किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर. हॉलिवूडला ती बरोबर टोचली. आमच्याकडे ती कामाची नाही, कारण आमच्या मालिका ती रोज पास होतात. दिवाणखान्यात सात बायका, पुरुष पेपरामागे, आणि चर्चा मंगळागौरीच्या फराळाची, वारसाहक्काची, हळदीकुंकवाच्या वाणाची. तरी सातही ठोकळे. तुमच्या संहितेत मात्र ती चाचणी नापास होते. आई आणि मुग्धा एकमेकींशी एकही वाक्य बोलत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

आता शांताबाई. हिच्याबद्दल जरा रागावून लिहिणार आहे, कारण ही चूक मी पंधरा वर्षं केली. तुमची शांताबाई 'व्हय जी', 'काय सांगू बाय' करते, बाकी सगळे पुस्तकी मराठी बोलतात. बोलीचा असा उपयोग म्हणजे विनोदाची फोडणी. डोंबिवलीत मोलकरणीची बोली वेगळी असेल तर अभयच्या आईचीही असायला हवी. ती चिपळूणची आहे असं तुम्हीच लिहिलंय आणि ती तर आकाशवाणीच्या निवेदिकेसारखी बोलते. हे झालं बोलीचं. दुसरं त्याहून मोठं. माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना मी एकदा माझा एक सीन वाचून दाखवला होता. त्यात मोलकरीण भांडी घासता घासता मालकिणीला शेजारच्या घरातली भानगड सांगते. त्या ऐकून म्हणाल्या, "ताई, असं कोण बोलतं? एका घरातलं दुसऱ्या घरात सांगितलं तर दोन्ही कामं जातील ना." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आम्हाला समद्यांचं समदं ठाऊक असतंय. म्हणून तर गप ऱ्हातो."

त्या एका वाक्याने चुगलखोर मोलकरीण हा अख्खा टाइप माझ्यापुरता निकालात निघाला. चार घरची कामं करणारी बाई हा त्या इमारतीतला सगळ्यात जाणता आणि सगळ्यात गप्प माणूस असतो. आता हे तुमच्या एकांकिकेला लावून बघा. अभय रोज नऊला डबा घेऊन निघतो आणि दिवसभर कुठेतरी बसतो. कुठे बसतो? बागेत बसत असेल तर शांताबाईने त्याला अकरा वाजता, दुसऱ्या घराच्या गॅलरीतून केर काढताना, पाहिलेलं असणार. म्हणजे तुमच्या नाटकातलं गुपित तिला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. आणि ती बोलणार नाही. पगार थकला तर आपला पहिला थकणार हेही तिला माहीत आहे. महिन्याची पाच तारीख आहे, तिला आगाऊ पैसे हवेत आणि माणूस बेकार आहे हे कळलेलं असताना ते कोणाकडे मागायचे? मुग्धाकडे मागावे तर मुग्धा म्हणेल साहेबांना विचारते. बाईंची मथुरा समोर दिसतेय, वाट अभयच्या खोटेपणाने अडलीय. ती फक्त फरशी पुसत अभयच्या पायांपर्यंत येऊ दे आणि म्हणू दे, "पाय वर घ्या. आज लवकर आलात." मला तर या दोन वाक्यांत तुमचा अर्धा तास दिसतो.

आईचंही तसंच. तिला सोशिकच ठेवा, देवघरापाशीच बसवा, सिगारेट तेवढी विझवा. पण ती डोंबिवलीत का आहे? चिपळूणला घर आहे ना? मग पावसाआधी कौलं चाळून घ्यायला हवीत. गडी ठरलाय, त्याचा निरोप आलाय, तीस-पस्तीस हजारांचा खर्च आहे आणि मृगाला जेमतेम महिना राहिलाय. मुलाकडे पैसे मागणं तिच्या जिवावर येतंय, म्हणून ती आडून आडून विचारतेय. "गणपतीला जायचं ना रे?" हे वाक्य तुमच्या संहितेत आधीच आहे, नुसती माया म्हणून लिहिलेलं. त्याखाली कौलं घाला, मग बघा ते कसं वाजतं. अभय प्रत्येक वेळी 'बघू' म्हणतो. तिला वाटतं मुलगा बदलला. हा सोशिकपणा आता स्वभावातून येत नाही, हिशेबातून येतो: किती वेळा विचारलं तर अपमान होणार नाही, याचा.

मुग्धा करवादते. करवादू दे, मोठ्याने करवादू दे. फक्त तिच्या पर्समध्ये काहीतरी ठेवा. मी ठेवलं असतं तर तिच्या बढतीचं, नाशिकला बदलीचं पत्र ठेवलं असतं, चार दिवसांचं जुनं. ती अभयला सांगायची संधी शोधतेय आणि तो रोज घरी येतो तो असा चेहरा घेऊन. तिचं प्रत्येक करवादणं हे खरं तर त्या विषयाला हात घालायचा फसलेला प्रयत्न. "एसीचं बिल बघितलंस?" म्हणजे "माझ्याशी बोल." आणि एकदा, एकदाच, आई आणि मुग्धा दोघींनाच स्वयंपाकघरात ठेवा. आई कौलांचं बोलेल. मुग्धा पत्राचं बोलेल किंवा नाही बोलणार. ती कदाचित म्हणेल, "मी देते पैसे, त्याला नका सांगू." सासू-सुनेचं गुपित, मुलाच्या पाठीमागे. झाला का टाइप मोडून? दोघी आपापल्या जागेवर आहेत, तरी गाडी दुसऱ्याच रुळावर गेली.

रियाला काढून टाका. तुम्हाला वाईट वाटेल, तिचे संवाद सगळ्यात चटपटीत आहेत. पण तिची मथुरा मी दोन दिवस शोधली, सापडली नाही, आणि पाऊण तासात तीन जणींची वाट अडवणं एका अभयला पुरे. अगदीच ठेवायची तर तिला फोनवरचा आवाज करा. अभय ज्या जागेवरून गेला त्या जागेवर आता ती बसलीय एवढंच कळू द्या आणि तिला घाईत फोन ठेवू द्या.

लिहिण्याआधी तालमीत एक करून पाहा. अभयचं काम करणाऱ्या मुलाला चहा आणायला पाठवा आणि तिघींना संवादांशिवाय दहा मिनिटं त्या घरात सोडा. काही सुचवू नका. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या ग्रुपबरोबर मी हे केलं होतं, कथा साधारण अशीच, मुलगा आणि घर. नायक गेला. बायको झालेली मुलगी लगेच सोफ्यावर बसून मोबाइल बघायला लागली, कोणीतरी कपड्यांच्या घड्या घातल्या. आई झालेली मुलगी चार मिनिटं नुसती उभी. मी काही बोलले नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी या घरात बसते कुठे? महिनाभर तालीम करतेय, मी प्रत्येक सीनमध्ये दाराशी उभी आहे. माझी खुर्चीच नाहीये."

खरंच नव्हती. नेपथ्याच्या आराखड्यातही नव्हती. त्या दिवशी वर्गातला एक मोडका स्टूल आणला आणि तिने तो स्वतः हलवून हलवून, खिडकी आणि गॅस दोन्ही दिसतील अशा जागी ठेवला. तिचे संवाद नंतर तिच्याशी बोलूनच लिहिले.

तुम्ही प्रश्नासोबत सेटचं रेखाटन जोडलंय. त्यात सोफा, टीव्ही, अभयचं टेबल आणि भिंतीतलं देवघर आहे. देवघरापुढे पाटसुद्धा काढलेला नाही. तुमची आई बसते कुठे ते आधी ठरवून कळवा, मग पहिल्या प्रवेशाचं बोलू.